भिंतीतली एकोणतीस इंची जागा

आधी कबूल करा, हसणार नाही. नुसती मान हलवू नका, ते बिस्कीट खाली ठेवा आणि तोंडाने सांगा! ठीक. तर मंडळी, मी माझं स्वतःचं घर ओळखलं नाही. आणि तेही मिस्त्रीसमोर!

राजोडीजवळचं आमचं घर बांधून घेतलं ते माझ्या बायकोने, फिलूने. मी तेव्हा कुवेतमध्ये एसी बसवत होतो. बावीस वर्षं! फोनवर माझं एकच पालुपद, "पुढच्या वर्षी कायमचा येतो." शेवटी आलो खरा, तर काय? ती स्वयंपाकघरात, मी हॉलमध्ये आणि मध्ये भिंत. कुवेतहून निदान तिचा आवाज तरी नीट यायचा!

यंदा मुलीच्या बाळंतपणासाठी फिलू तीन महिने पुण्याला गेली. घर खायला उठलं हो! दुपारी मी उगाच फाटकापर्यंत जाऊन यायचो. कोण येणार होतं? कोणी नाही. तीन महिन्यांत माझी ही गत, मग तिने बावीस वर्षं कशी काढली असतील? मला तिची इतकी आठवण कुवेतमध्येही आली नव्हती.

ठरवलं, ती यायच्या आत ही भिंत पाडायची. ती भाकरी थापेल, मी खुर्चीतून बघत बसेन. राहिलेलं सगळं बघून घेईन.

पण भिंत पाडायची तर आधी तपासावं लागतं, ती स्लॅबचं वजन घेते की नुसता आडोसा आहे. माझा साडू एव्हरशाईन सिटीत राहतो. त्याने फ्लॅटमधली एक भिंत काढली होती, म्हणजे तो तज्ज्ञच!

"ठोकून बघ," साडू फोनवर म्हणाला. "भरीव वाजली तर हात लावू नको. पोकळ वाजली तर बिनधास्त उडव."

मी ठोकली. बरोब्बर मधोमध पोकळ! पुन्हा ठोकली. पोकळ! आता बाजूलाही ठोकून बघायला नको होतं का? हवं होतं. पण पाहिजे ते उत्तर मिळाल्यावर पुढे कोण ठोकत बसतो?

दुसऱ्या दिवशी जानू मिस्त्रीला बोलावलं. त्याने विचारलं, "अंकल, घराला कॉलम हायेत काय?"

"मला काय विचारतोस? कुवेतमध्ये टॉवर उभे केलेत मी!" तिथे फक्त एसी बसवले, हे त्याला सांगायची काय गरज?

"तरी पन आदी थोडा प्लास्टर काडून बगू."

प्लास्टर पडलं. आत वीट नाही, प्लायवूड!

"बघ! म्हटलं नव्हतं? नुसता आडोसा!" मी नाचायचाच बाकी होतो.

जानूने प्लाय ओढून काढला. मागे पोकळी आणि पलीकडे आणखी एक प्लाय. तोही निघाला आणि थेट स्वयंपाकघरातला गॅस दिसला. भिंतीत चौकोनी भोक! वर काँक्रीटची पट्टी आणि बाकी तिन्ही बाजूंनी नऊ इंची पक्कं वीटकाम.

जानूने सगळीकडे फिरून वर बघितलं, मग माझ्याकडे. "अंकल, कॉलम एक पन नाय. पुरा स्लॅब या भितीवर बसलाय. पाडली असती तं आपन दोगं खाली! आनि ह्या भोक कोनीतरी मुद्दाम ठेवलाय."

कोणी? आणि कशाला? गुपचूप करायचा बेत तिथेच बोंबलला. फिलूला व्हिडिओ कॉल लावला आणि भोक दाखवलं.

ती म्हणाली, "तूच सांगितलेलंस ना फोनवर? येताना एकोणतीस इंची टीव्ही आणतो, मागून फुगीर असतो, भिंतीत जागा ठेव. ठेवली."

"पण मी कधी बघितलं नाही!"

"दोनदा सुट्टीवर आलास. वर पडदा लावलेला, तो बघून बोललास, डिझाईन छान आहे. मी वाट बघितली, याला आठवेल म्हणून."

"मग बुजवलीस का?"

"सात वर्षं ठेवली होती. पडदा सारला की भाकरी थापताना तिथून दार दिसायचं. फाटक वाजलं की बघायचे, तूच आलास काय. मग टीव्ही चपटे झाले, आणि तुझं पुढचं वर्ष काय येईना. टाकली बुजवून."

ते सगळे 'पुढच्या वर्षी' परत घ्यावेसे वाटले. पण कुठून घेणार?

फिलू परत आली. भिंत जागेवर आहे, भोकही आहे. मी खुर्ची बरोबर समोर ओढून घेतलीय. तिथून ती दिसते, गालाला पीठ लागलेली. आमचा टीव्ही आता बंदच असतो.

परवा चर्चचे फादर घरी आले. भोकाकडे बघून म्हणाले, "हे काय मध्येच?"

मी खुलासा करायला तोंड उघडणार, तेवढ्यात भोकातून फिलूचा आवाज आला, "टीव्हीसाठी जागा ठेवलीय, फादर. हा आणणार आहे. पुढच्या वर्षी!"