शहामृगाचा मणी

खानदेशातल्या एका संग्रहालयात काचेखाली मसुराएवढा पांढरा मणी ठेवलाय. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा. फार पूर्वी ही थोराड पाखरं आपल्याही माळांवर धावत होती. आज पीसही उरलेलं नाही.

सोबत माझी मावशी होती. ती जन्मभर मंगळसूत्रं ओवत आली. सवयीनं तिनं काचेवर अंगठ्याचं नख फिरवलं. "भोक दोऱ्यानं झिजलंय. कुणीतरी वर्षानुवर्षं घातलाय हा."

मी त्या अनोळखी गळ्याच्या कौतुकात रमले. केवढ्या हौसेनं मिरवला असेल!

मावशी मात्र वाकलेलीच. "हे अंडं उबवत बसलेली, तिचं काय झालं गं? उडताही येत नव्हतं बिचारीला. माणसं बघून पळाली असेल थोडी... आणि अंड्यासाठी परत आली असेल."