अक्कांनी सोडलेला पहिला नंबर

मस्कतहून नवऱ्याशी बोलायचं असलं की आधी मला सावकाराला नमस्कार करावा लागे. सावकार म्हणजे पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीतल्या अक्का. हा शब्द त्यांनी ऐकला असता तर माझ्या कानाखाली दिली असती, पण मी देणेकरी होते आणि देणेकऱ्याला सगळेच सावकार दिसतात. गल्लीत फोन एकच, तो अक्कांकडे. त्यांचे यजमान टेलिफोन खात्यात होते. ते गेले, फोन राहिला. सगळ्या गल्लीने सोयऱ्याधायऱ्यांना तोच पीपी नंबर देऊन ठेवलेला. फोन वाजला की अक्का ओट्यावर येऊन हाक मारायच्या आणि ज्याचा असेल त्याने पळत जायचं. आणि मी नेमकं त्याच बाईचं देणं मागे ठेवून विमानात बसले होते. कप्पाळ माझं!

अक्का भिशी चालवायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी गल्लीतल्या बायका त्यांच्याकडे जमायच्या. प्रत्येकीने ठरलेली रक्कम ठेवायची, चिठ्ठी काढायची आणि जिचं नाव निघेल तिने सगळे पैसे उचलायचे. उचलणारीने पुढेही, भिशी संपेपर्यंत, आपला हप्ता भरत राहायचा. एखादीने नाही भरला तर चालवणारीने पदरचे घालायचे. ही जोखीम घेते म्हणून पहिला नंबर चिठ्ठीशिवाय चालवणारीचा, असा आमच्याकडचा रिवाज होता.

अक्कांना संक्रांतीचं हळदीकुंकू कोणी सांगत नसे. डोहाळजेवण असो की बारसं, नवरा गेलेल्या बाईला कोण बोलावणार? तेव्हा आम्हाला कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मी तरी कुठे आगळी होते! पण भिशीच्या रविवारी सगळ्या गल्लीच्या चपला अक्कांच्या दारात असत. त्या दिवशी त्या सकाळपासून घर पुसून काढत, ठेवणीतल्या कपबशा बाहेर काढत आणि दुपारी मधोमध पाटावर बसून सगळ्यांवर हुकूम सोडत. बायका त्यांचं ऐकत, त्यांच्या शब्दावर आपले पैसे ठेवून जात. नवरा गेल्यापासून त्या बाईकडे एवढाच काय तो मान उरला होता.

माझ्या नवऱ्याचा नरडाण्याचा कारखाना बंद पडला तिथून आमची घसरण सुरू झाली. रोज सुरत लाइनच्या पॅसेंजरने जाणारा माणूस घरात बसला. मी जळगावात एका खासगी दवाखान्यात नर्स. माझ्या पगारात भाडं निघायचं, किराणा उधार राहायचा. मूलबाळ तेव्हा नव्हतं, तेवढंच बरं. धुळ्याच्या एका एजंटने मस्कतची जागा दाखवली. दोन वर्षांचा करार, पगार ऐकून नवऱ्याचे डोळे पांढरे झाले. एजंटची फी ऐकून माझे झाले. असोद्याच्या दिराने थोडे दिले, तेही मोठं तोंड करून. बाकीचे कुठून आणायचे?

नवीन भिशी त्याच महिन्यात सुरू होणार होती. मी अक्कांकडे नुसती रडायला गेले होते, मागायला नाही, हे मी आजही कोणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगेन. अक्का धुळ्याकडच्या, बोलणं पक्कं अहिराणी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माले काय घाई शे? मना नंबर तू ले. जाय, विमानमा बस."

बायकांनी नाकं मुरडली. अक्कांना नंबर नको असेल तर चिठ्ठी निघायला हवी होती, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. अक्का त्यांना म्हणाल्या, पोरीची मी जबाबदार. पैसे माझ्या ओटीत पडले आणि दुसऱ्याच दिवशी धुळ्याच्या एजंटच्या खिशात गेले.

मस्कतच्या दवाखान्यात पाय ठेवला आणि कळलं, पहिल्या चार महिन्यांचा पगार अनामत म्हणून राहणार. करार संपेल तेव्हा परत मिळेल. जेवणापुरते पैसे हातावर देत. मी तिथल्या बाबूशी भांडले, म्हटलं मला हे कोणी सांगितलं नाही. त्याने माझी सही असलेला कागद समोर धरला. मेल्या एजंटने मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात ते घालून ठेवलं होतं आणि मी आनंदाच्या भरात सही ठोकली होती. दगडाखाली हात सापडला होता, ओरडून उपयोग नव्हता. केरळच्या दोन नर्सेसबरोबर एका खोलीत राहायचे. त्या खुबूस, म्हणजे तिकडची स्वस्तातली रोटी, आणि डाळ खाऊन पैसे वाचवत, मी त्यांच्याहून वरताण. तरी त्यातून भिशीचा हप्ता काही निघत नव्हता.

शुक्रवारी सुट्टी. नाणी जमवून रस्त्यावरच्या फोनच्या खोक्यात टाकायची आणि पिंप्राळ्याचा नंबर फिरवायचा. खरखर व्हायची आणि मग अक्कांचा आवाज यायचा.

"कशी शे माय? जेवनी का?"

"जेवले अक्का. अक्का, या महिन्याचा हप्ता..."

"ते सोड. फोनना पैसा कसाले जाळस? थांब, तेले बलावस."

मग नुसती खरखर. लांबून अक्कांची हाक, कुत्र्याचं भुंकणं, कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज. माझी नाणी एकामागून एक खाली पडत. मग अक्का परत येऊन म्हणायच्या, "घर नही वाटस तो. बठ्ठं बरं शे आठे, तू काळजी करू नको."

घरी नसायला जातो कुठे? बेकार माणूस! तो घरातच असे. मला पक्कं माहीत होतं. अक्कांच्या खोलीत त्यांच्यासमोर उभं राहून फोन घ्यावा लागे, आणि त्यांच्यासमोर उभं राहायला त्याला तोंड नव्हतं. म्हणून तो माझ्याशीही बोलत नव्हता. मला त्याचा संताप यायचा, पण त्याहून जास्त अक्कांचा यायचा. अहो, शिव्या द्या ना मला! म्हणा, मेले, माझे पैसे घेऊन पळालीस. पण परदेशात गेलेल्या माणसाला वाईट काही कळवायचं नाही, त्याच्या अन्नात माती कालवायची नाही, ही आमच्याकडची रीत. अक्का ती रीत अशी पाळत की मला रात्रीचा घास गिळवत नसे. एकदा तरी त्यांनी मागितलं असतं तर मी गुडघ्यावर बसून त्या बाबूकडे भीक मागितली असती, असं मला वाटायचं. आता वाटतं, मागितली असती तरी त्याने दिली नसती.

पाचव्या महिन्याचा पगार हातात आला. मी त्या सगळ्याचा ड्राफ्ट काढून नवऱ्याच्या नावाने धाडला आणि चिठ्ठीत लिहिलं, आधी अक्का, मग बाकीचे. काही आठवडे गेले. शुक्रवारी फोन केला तर त्या दिवशी हा पठ्ठ्या चक्क फोनवर आला.

"अक्कांचे दिले?"

"पाऊस नाही गं अजून इकडे."

"मी पावसाचं विचारत नाहीये. पैसे दिले का?"

"हो हो, तब्येत बरी आहे माझी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अक्का तिथेच बसल्या होत्या, त्यांच्यादेखत हा काय बोलणार! आणि पैसे दिलेले नव्हते, नाहीतर छाती पुढे काढून 'दिले' म्हणाला असता. मी इतक्या मोठ्याने ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. तिकडून आवाज आला, "बरं बरं, ठेवतो." ठेवलाही.

कुठे गेले ते पैसे, ते पुढे त्याने पत्रात कबूल केलं. किराणावाला दारात येऊन चारचौघांत बोलायचा, त्याला दिले. असोद्याचा भाऊ मोटारसायकलवरून येऊन आईबापाचा उद्धार करायचा, त्याला दिले. घरमालकाने सामान बाहेर काढायची धमकी दिली होती, त्याला दिले. अक्कांना द्यायला राहिलेच नाहीत. त्याने लिहिलं, अक्का काही बोलत नाहीत, त्यांना घाई नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात, आणि अक्का रडत नव्हत्या. माणूस वाईट नव्हता माझा, नुसता भित्रा होता. ओरडेल त्याला घाबरणारा. पण गप्प बसणाऱ्याला घाबरायला हवं, हे त्याला कोणी शिकवलं नाही.

त्यानंतर मी नवऱ्याला दमडी पाठवली नाही. ड्राफ्ट सरळ अक्कांच्या नावाने. मागचे सगळे हप्ते फेडले, पुढचे वेळेवर गेले, भिशी संपली. फोनवर अक्का म्हणाल्या, "पोचना बरं, माय. सुखी ऱ्हाय." मी खोलीत येऊन त्या केरळच्या पोरींना चहा पाजला. वाटलं, सुटले. नवऱ्याला जळगावातच एका दुकानात काम मिळालं होतं, तोही आता फोनवर यायला लागला होता. माझ्या मानेवरचं जू उतरलं होतं.

करार संपला, अडकलेली अनामत मिळाली आणि दोन महिन्यांच्या सुट्टीवर आले. पुन्हा जायचं ठरलंच होतं. अक्कांसाठी एक गरम शाल आणली होती. ती द्यायला मी मुद्दाम भिशीचा रविवार धरला. म्हटलं, सगळ्या बायका असतील, ताठ मानेने जाऊन बसावं. बघा गं, नर्सबाईने एक पै बुडवली नाही. नवी साडी नेसले, दुपारी अक्कांच्या ओट्यावर चढले.

दारात एकही चप्पल नव्हती.

आत अक्का एकट्या, भिंतीला टेकून लसूण सोलत बसलेल्या. मला बघून त्यांना केवढा आनंद झाला! उठून गालांवरून हात फिरवला, किती वाळली म्हणाल्या, चहा टाकला. शाल उलगडून पाहिली. मी आपली दाराकडे बघतेय.

"अक्का, अजून कोणी आलं नाही?"

"आते कोन येस आठे?" त्या म्हणाल्या, आणि चहात साखर घातली.

मग माझ्या आग्रहावरून त्यांनी सांगितलं. पाऊस पडून गेल्याचं सांगावं तसं सांगितलं. माझा हप्ता सुरुवातीपासून त्या आपल्या पेन्शनमधून घालत होत्या. एका महिन्यात त्या आजारी पडल्या, पेन्शनचे पैसे औषधाला गेले, आणि भिशीच्या रकमेत तेवढे कमी पडले. ज्या बाईचा नंबर लागला होता तिच्या मुलीचा साखरपुडा तोंडावर होता. तिने ओट्यावर उभं राहून सगळं काढलं. आपला नंबर कोणालाही वाटायला भिशी काय बापाची आहे का, असंही म्हणाली. अक्कांनी आठवड्याच्या आत पाटली मोडून तिचे पुरे केले. ती भिशी शेवटपर्यंत चालली, कोणाचं काही बुडालं नाही. फक्त नवी सुरू करायची वेळ आली तेव्हा बायकांनी ती कोपऱ्यावरच्या घरी सुरू केली, आणि अक्कांना कोणी सांगितलं नाही.

माझ्याने ऐकवेना. "पण मी सगळे फेडले ना, अक्का! सगळे!"

"फेडात ना. मी कधी नही म्हन्तू?"

तेवढ्यात खिडकीबाहेरून बायका निघाल्या. ओळखीचे आवाज, हसणं, बांगड्या. अक्कांच्या घरासमोर येताच त्यांनी आवाज उतरवला, पुढे गेल्यावर परत चढवला. दर महिन्याला हे असंच होत असणार. माझं डोकं फिरलं. मी कप खाली ठेवला, पदर खोचला आणि उठले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता कोपऱ्यावर जाते, एकेकीच्या झिंज्या धरून विचारते, कोणाचा रुपया खाल्ला या बाईने? कळू दे त्यांना. हात धरून तुम्हाला तिथे नेऊन बसवते.

अक्कांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"बस. तू गई ना, तं त्यास्ले वाटी मीच तुले धाडं."

"वाटू दे ना! काय करतील?"

"तू तं चालनी जाशी विमानमा," अक्का म्हणाल्या. "माले आठेच ऱ्हानं शे."

मी खाली बसले.