कमी दाखवणारं कार्ड

सत्तरीला टेकलेला माणूस कॉम्प्युटरच्या दुकानात शिरला, की प्रिंटरची शाई संपली असेल नाहीतर नातवंडाने पिटाळलं असेल, असं दुकानदार धरूनच चालतो. पनवेलच्या लाइन आळीतले एलिएझर आपटेकर, म्हणजे एलीकाका, मात्र इलियासच्या दुकानात गेले ते स्वतःच्या गेमसाठी ग्राफिक्स कार्ड बघायला. आळीत कळलं असतं तर लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली असती, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुढे जे घडलं तेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

एलीकाकांनी हयातभर बघण्याचीच नोकरी केली. जासईच्या एका कंटेनर यार्डात ते सर्व्हेअर होते. न्हावा शेवा बंदरातून आलेल्या कंटेनरभोवती फिरायचं, कुठे पोचा आलाय, कुठे गंज चढलाय, दाराचं रबर कुठे फाटलंय ते बघायचं आणि लिहायचं. ट्रेलरची धूळ खाऊन छाती गेली, डोळे मात्र शाबूत राहिले. पनवेलमधली बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घरं एकेक करून इस्रायलला गेली. मुलगा नोमही बायकोला घेऊन अश्दोदला गेला आणि तिथेच त्याला मुलगी झाली. एलीकाका आणि त्यांची बायको दिना मात्र जागचे हलले नाहीत. मला इथला मासळीबाजार लागतो, असं दिना म्हणायची. एलीकाकांना वेगळं कारण लागत नव्हतं, त्यांना दिना लागायची.

जाताना नोम त्याचा कॉम्प्युटर इथेच ठेवून गेला होता. नात लियोरा आठ वर्षांची झाली, पण व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं टिकेल तर शपथ. शेवटी नोमने तोडगा काढला. एक गेम होता, संपता न संपणाऱ्या माळरानाचा. त्यात प्रत्येकाची एक बाहुली, तिने घरं बांधायची, झाडं लावायची, नदीकाठी भटकायचं. हेडफोन लावला की एकमेकांशी बोलताही यायचं. नगरपालिकेच्या शाळेत हयातभर पोरांना बाराखडी शिकवलेली दिना हट्टाने माउस शिकली. लियोराने आजीच्या बाहुलीला लिंबू रंगाची साडी नेसवली आणि अंबाड्यात पांढरं फूल खोवलं. शुक्रवारी लियोराला शाळा नसायची, त्यामुळे दर शुक्रवारी दुपारी आजी-नात त्या माळावर भेटायच्या. एलीकाका शेजारी शेंगदाणे खात बसायचे आणि नको ते सल्ले द्यायचे. सूर्य कलला, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, लागायची वेळ झाली, की दिना मशीन बंद करून दिवे लावायला उठायची.

एके दिवशी सकाळी दूध तापवताना दिना खाली बसली आणि गेली. एलीकाका त्या वेळी बँकेत पासबुक भरून घ्यायच्या रांगेत उभे होते. शेवटचं बोलणं म्हणतात ते त्यांच्या वाट्याला आलंच नाही, आणि ही गोष्ट त्यांच्या मनात कुसळासारखी रुतून बसली.

लोक आले, गेले. मग एका शुक्रवारी लियोराचाच फोन आला. मोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, आज शुक्रवार आहे." एवढंच. एलीकाकांनी नाक पुसलं आणि माउस हातात घेतला. नोमने त्यांना निळ्या शर्टाची बाहुली करून दिली. दिनाची बाहुली मात्र कुणी उघडली नाही.

मशीन जुनं, त्यातलं कार्ड त्याहून जुनं. पडद्यावर किती लांबचं दाखवायचं हे कार्डाची ताकद बघून गेम स्वतःच ठरवायचा, त्यापलीकडे पांढरं धुकं. लियोराचं मशीन नवंकोरं, तिला डोंगरापलीकडचंही दिसे. एलीकाकांना आपल्या घरापुढचं अंगण, थोडी नदी, की लगेच धुकं. म्हातारपणी एवढं दिसतंय हे काय कमी, असं म्हणून ते गप्प बसत.

पावसाळा संपता संपता, लियोरा तिच्या कामात गुंतलेली असताना, एलीकाकांनी सहज बाहुली वळवून नदीपलीकडे बघितलं. धुकं जिथे सुरू होत होतं तिथे, अगदी कडेला, लिंबू रंगाचं काहीतरी उभं होतं.

त्यांनी चष्मा पुसला. साडी होती. अंबाडाही होता.

"लियोरा," ते म्हणाले, "तू आजीची बाहुली उघडलीस का गं?"

"नाही. मला तिचा पासवर्ड माहीत नाही."

नंतर नोमने तिकडून तपासून सांगितलं, "पप्पा, आज तुम्ही आणि लियोरा दोघंच होतात. मम्मीचं नाव यादीत नाही." त्याचा आवाज जड झाला, तेव्हा एलीकाकांनी विषय बदलला. पुढच्या शुक्रवारी ते त्या दिशेने चालू लागले. धुकं मागे सरकलं, आणि ती आकृतीही तेवढीच मागे सरकली. पाय हलताना दिसत नव्हते. थांबलं की ती थांबे. आजूबाजूला गेममधले पक्षी ओरडायचे ते तिच्या जवळपास मात्र ओरडत नसत. एलीकाकांच्या मानेवर काटा आला, तरी मशीन बंद करावंसं वाटलं नाही. दुसऱ्या कुणाचं भूत असतं तर ते पळाले असते. ही दिना होती. एकदा तिचं तोंड दिसावं, बाकी काही नको, एवढंच त्यांना वाटत होतं.

म्हणून ते इलियासच्या दुकानात गेले. इलियास आखातात कॉम्प्युटर दुरुस्तीत दहा-बारा वर्षं काढून परतलेला माणूस, गिऱ्हाइकाला उगाच खड्ड्यात न घालणारा.

"लांबचं दिसत नाही," एलीकाका म्हणाले. "पेन्शनीत बसेल असं कार्ड दे."

"काका, नव्याच्या भानगडीत पडू नका," इलियास म्हणाला. "तुमच्या मशीनचा पॉवर सप्लाय जुना, मोठं कार्ड लावलं तर त्याचा दम निघेल. हे बघा, खारघरच्या एका कॉलेजवाल्याने वरचं घेतलं, त्याचं हे आलंय माझ्याकडे. सेकंड हँड आहे, पण मी तपासलंय, ती जबाबदारी माझी. आठ दिवस वापरा. पसंत पडलं तरच पैसे."

कार्ड बसलं आणि शुक्रवारी एलीकाका बघतच राहिले. माळ पार डोंगरापर्यंत उलगडला. नदीचं वळण, पलीकडचं रान, आणि लियोरा कित्येक आठवडे बांधत होती तो उंच मनोरा, सगळं लख्ख. "अगं, केवढा बांधलास," असं ते म्हणाले तेव्हा पोरगी तिकडे खुर्चीत उड्या मारत असल्याचं कानात ऐकू आलं. मग त्यांनी हळूच बाहुली वळवली.

ती होती. डोंगराच्या पार पायथ्याशी, धुकं आता जिथे सुरू होत होतं तिथे. मोहरीएवढा लिंबू रंगाचा ठिपका.

ती धुक्याच्या कडेलाच उभी राहत होती. जितकं लांबचं दिसेल तितकी ती लांब जाणार होती. हौसेने दुकान गाठून आपणच तिला दूर धाडलं, असं वाटून एलीकाकांना त्या चकचकीत कार्डाचा भयंकर राग आला.

दुसऱ्या आठवड्यात ते कार्ड घेऊन दुकानात हजर.

"पंखा आवाज करतो का?" इलियासने विचारलं.

"नाही. छान आहे. मला याच्यापेक्षा कमी दाखवणारं दे. माझं जुनं होतं त्याच्याही खालचं."

इलियासने त्यांच्याकडे नीट बघितलं. "लोक वरचं मागतात, काका. कमीच बघायचं तर घरी येऊन सेटिंग करून देतो की."

पण घरी कुणी यायला नको होतं. कुणी त्या पडद्यात डोकवायला नको होतं. शेवटी इलियासने खांदे उडवून मागच्या फळीवरचं एक मळकट कार्ड पुसून दिलं.

त्या शुक्रवारी धुकं अंगणापर्यंत आलं होतं, आणि दिना कुंपणाबाहेर. पाठमोरी. अंबाड्यातलं पांढरं फूल दिसत होतं. त्यानंतर दर शुक्रवारी ती पुढे, एलीकाका मागे, असे ते चालत राहायचे, नदी ओलांडून, रान ओलांडून, लियोराच्या मनोऱ्याकडे पाठ करून.

"आजोबा, मी वर दिवा लावलाय. दिसतो?"

"दिसतो ना. झकास," एलीकाका म्हणाले. धुक्याशिवाय त्यांना काही दिसत नव्हतं. नातीशी खोटं बोलायची सवय माणसाला किती पटकन लागते, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, आणि लाजही वाटली. पण थांबले नाहीत. सिनेगॉगमध्ये शेजारचे लोक विचारू लागले, एली, खातोस ना वेळेवर? ते हो म्हणत. जेवण कधी होई, कधी राही. सगळा आठवडा शुक्रवारची वाट बघण्यात जाई.

मग ते पुन्हा इलियासकडे गेले. या वेळी त्याने खणातून एक अगदीच टाकाऊ कार्ड काढलं आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "काका, तब्येत ठीक आहे ना? हे कार्ड म्हणजे काहीच नाही. याच्या खाली फक्त अंधार."

"चालेल," एलीकाका म्हणाले. ते ऐकून इलियासचा चेहरा उतरला.

त्या शुक्रवारी पडद्यावर सगळं पांढरं होतं. पायाखालच्या गवताच्या दोन पट्ट्या, आणि समोर, हात लावावा इतकी जवळ, लिंबू रंगाची साडी. आता ती पुढे सरकत नव्हती. एलीकाकांनी माउस तसाच धरून ठेवला. हेडफोनमध्ये काही ऐकू येत नव्हतं, ना पक्षी, ना पाणी. तिचं डोकं हळूहळू वळू लागलं. गालाची कड दिसली.

"आजोबा?" लियोराचा आवाज आला. "तुम्ही कुठे आहात? मी केव्हाची शोधतेय."

एक क्षण, फक्त एक क्षण, असं त्यांना वाटत होतं.

"हां, दिसलात. किती लांब गेलात तुम्ही. पार शेवटाला. मला त्याच्या पुढचं दिसतच नाही." मग ती हरखून म्हणाली, "दोघं आहात. आजी आहे का ती? थांबा, मी पण येते तिकडे."

आजवर आपण दिनाच्या जवळ जातोय असं एलीकाकांना वाटत होतं. आपण त्या पोरीच्या नजरेच्या टोकाला येऊन उभे आहोत, तिच्या जगाच्या कडेला, हे त्यांना आत्ता कळलं. आणि ती धावत निघाली होती.

"नको," ते म्हणाले. आवाज मोठा निघाला. "तू यायचं नाहीस. तिथेच थांब. मी येतो."

"पण आजी..."

"मी येतो म्हटलं ना. एक पाऊल टाकू नकोस."

समोरचं डोकं अजून वळत होतं. आणखी थोडं, की तोंड दिसणार होतं. एलीकाकांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनी माउस फिरवला. उघडले तेव्हा पुढे नुसतं पांढरं होतं. या एवढ्याशा कामात त्यांच्या जिवाची जी ओढाताण झाली, ती दिना गेली त्या दिवशीही झाली नव्हती.

"मला वाट दिसत नाही, लियोरा. तू सांग."

"डावीकडे. आता सरळ. थांबा, पुढे पाणी आहे, पूल उजव्या हाताला." पोरगी सांगत गेली, म्हातारा चालत गेला. मागून कुणी येतंय असं त्यांना सारखं वाटत होतं, पण त्यांनी बाहुली वळवली नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवर वर चढलं, पिवळं झालं. शब्बाथ लागायला फार वेळ उरला नव्हता.

"आलात," लियोरा म्हणाली. धुक्यातून तिच्या बाहुलीच्या लाल टोपीची कड दिसली, तेव्हा एलीकाका थांबले. मग न राहवून विचारलं, "माझ्या मागून कुणी आलं का गं?"

"नाही."

"आणि तिथे? मघाशी मी होतो तिथे?"

ती थांबली, तिकडे वळून बघत असावी. "तिथे आहेत ना. दोघं. आजी, आणि निळ्या शर्टातले तुम्ही."

एलीकाकांना भीती तर वाटलीच. पण त्या भीतीच्या तळाशी त्यांना कितीतरी महिन्यांनी थोडं हलकं वाटलं.

"असू देत," ते म्हणाले. "तिला सोबत झाली."

"मनोऱ्यावरचा दिवा दिसतोय?"

"नाही दिसत, बाळा. आजवर एकदाही नाही दिसला, मी खोटं बोललो. रविवारी इलियासकडून ते चांगलं कार्ड परत आणतो. तोवर तू सांग, कसा आहे?"

लियोरा सांगू लागली, आणि एलीकाका मागे न वळता ऐकत राहिले.