बोंडअळीचा धडा

फळ्यावर ‘मिलन’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून मॅडम वर्गाकडे वळायच्या, बोटांवरचा खडू झटकायच्या आणि म्हणायच्या, “लाजू नका, लिहा.”

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी गणित. दोन वर्गांच्या मध्ये नुसता पत्रा, त्यामुळे त्यांचा तास मलाही ऐकू यायचा. प्रजननाचा धडा आला की ‘घरी वाचून या’ म्हणून पान उलटायचं, ही आपल्याकडची रीत. तुम्हीही तसेच शिकला असाल. मॅडमनी ती मोडली. आणि उदाहरण घेतलं ते प्रत्येकाच्या घरच्या कापसातलं.

गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसून सरकी खाते. तिथवर फवारा पोचत नाही. म्हणून तिला जन्माआधीच गाठायचं, असं त्यांचं म्हणणं. शाळेला लागून असलेल्या वावरात त्यांनी, मालकाला विचारून, कामगंध सापळा टांगला. वर नरसाळं, खाली लांब पिशवी, मध्ये रबराची बारीक गोळी. ह्या अळीचाच पुढे पतंग होतो, आणि त्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो. नर त्या वासावर येतो आणि पिशवीत अडकतो. मादी तिकडे वाट बघत बसते, आणि नर न भेटलेल्या मादीची अंडी उबत नाहीत.

पोरं खुसखुसली. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, हसून घ्या, पण घरी जाऊन हेच सांगा. कारण एकट्याच्या सापळ्यानं भागत नाही. शेजारच्या वावरात नर भेटलेली मादी बांध ओलांडून येते आणि आपल्या कपाशीवर अंडी घालते. सापळे सगळ्या गावानं मिळून लावायला हवेत.

पोरींनी घरी सांगितलं. तिथंच बिनसलं.

शाळा समितीतले तात्या हेडमास्तरांच्या खोलीत येऊन बसले. त्यांची नात मॅडमच्याच वर्गात होती. आम्हा दोघींना बोलावणं आलं.

“पोरींला हे काय शिकवायलात तुमी?”

“तुमच्या कापसात जे चाललंय ते, तात्या,” मॅडम म्हणाल्या.

तात्या भडकले. बाईमाणसानं असले शब्द तोंडात घ्यावेत का, गावात लय चर्चा हाय, असं बरंच बोलले. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. धडा पुस्तकातच आहे, असं मी म्हटलं, तर मला गणिताचं बघायला सांगण्यात आलं. अळीनं बोंडं पोखरलेली ह्या लोकांना चालत होती. शब्द तेवढा चालत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सापळा बांधावर फाटून पडला होता. मॅडमनी पिशवी शिवली आणि पुन्हा टांगली. तीही कुणी तरी फाडली.

वर्ष संपायच्या आतच संस्थेनं त्यांना पाथरीकडच्या शाळेत पाठवलं. मी फाट्यापर्यंत सोडायला गेले. वाटलं होतं, चिडतील, रडतील. एसटी दिसल्यावर पिशवी उचलता उचलता एवढंच म्हणाल्या, “पोरी आता कुठं प्रश्न विचारायला लागल्या होत्या हो.”

त्यांच्या जागी एक सर आले. त्यांनी धडा घरी वाचायला सांगितला.

पुढच्या हंगामात अळीनं गावाची कपाशी धरली. कृषी खात्याचे साहेब आले, समाजमंदिरात बैठक झाली, मीही गेले. सापळे का लावायचे, हे गावातल्याच कुणी तरी सांगावं, असं साहेब म्हणाले. तात्या उठले. मादीच्या वासाला नर येतो, मिलन होत न्हाई, अंडी उबत न्हाईत, बांध ओलांडून मादी येती, सगळ्या गावानं लावा. सगळं मॅडमचं, शब्दाला शब्द. कुणी खुसखुसलं नाही. कुणाला लाज वाटली नाही. टाळ्या पडल्या. अशा अभ्यासू शेतकऱ्यांची गरज आहे, असं म्हणत साहेबांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मला बसवेना. मी उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं की हे सगळं आमच्या मॅडमनी शिकवलं होतं.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. खरोखरच आठवत नसल्यासारखं.

“कोणत्या मॅडम?”