शेरेबुकातल्या चार खोट्या भेटी

सुकेशनी शिंगाडे यांची स्कूटी म्हसखेड्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिरली की व्हरांड्यातलं एखादं पोर आत ओरडून सांगायचं, "सर, येड्यांची बाई आली!" सर पोराला दटावत नसत. दोन वेळा बाईंनी स्वतःच ओरडणाऱ्याचा कान पिळला. दुसऱ्या वेळी त्या पोराची आई शाळेत येऊन बाईंना काय काय बोलून गेली, ते गावात अजून सांगतात.

शिंगाडे बाई छत्तीस वर्षांच्या आहेत. शहरातल्या पुंडलिकनगरात दोन खोल्यांत आई आणि धाकटा भाऊ राम यांच्यासोबत राहतात. वडील वैजापूर तालुक्यात मेंढरं राखायचे. राम जन्मापासून बहिरा आहे. म्हणून तुम्ही हे काम निवडलंत का, असं विचारणाऱ्याची त्या निराशा करतात. "नाही. साध्या डी.एड.ला नंबर लागला नाही. विशेषच्या यादीत जागा शिल्लक होत्या."

त्या फिरत्या विशेष शिक्षक आहेत, कंत्राटी. दिव्यांग मुलांनी वेगळ्या शाळेत न जाता गावातल्याच शाळेत, इतर मुलांच्या वर्गात शिकावं, असं सरकारचं धोरण आहे. त्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना मदत करायला बाई जातात. खुलताबाद तालुक्यातल्या एकोणीस शाळा आणि त्रेचाळीस मुलं त्यांच्याकडे होती. प्रत्येक शाळेत महिन्यातून दोन भेटी द्यायच्या आणि प्रत्येक भेट शाळेच्या शेरेबुकात लिहून सही करायची. दिवसाला दोन शाळा केल्या तर हे कागदावर बसतं. पण तपासणी शिबिरं, बैठका आणि घरी पडून असलेल्या मुलांच्या भेटी धरल्या की बसत नाही. त्यामुळे तालुक्यात एक पद्धत पडली होती. एका भेटीत दोन तारखा लिहायच्या. आधीची एक ओळ मुख्याध्यापक कोरी ठेवत, बाई ती नंतर भरत. त्या बदल्यात मुख्याध्यापकाला तालुक्याला जायचं असलं की त्या दिवशी बाईंनी त्याचा वर्ग सांभाळायचा. म्हसखेड्यात जुलै ते ऑक्टोबर अशा चार खोट्या भेटी लागल्या. मुख्याध्यापक बन्सी औताडे यांनी चारही नोंदींखाली सही केली.

म्हसखेड्यात बाईंचं मूल एकच होतं. मोनिका, वय आठ, इयत्ता तिसरी, औताडे सरांचाच वर्ग. मेंदूचा पक्षाघात. पाय ताठ, उजवा हात मुडपलेला, बोलणं घरच्यांनाच कळेल असं, आणि तोंडातून सतत लाळ. वडील कचरू दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात ते पावसाच्या तोंडावर परततात. आई आशाबाई रोजानं शेतात जातात. त्याआधी पोरीला कडेवर आणून शाळेत बसवतात. पहिली दोन वर्षं मोनिका दाराशी, चपलांच्या शेजारी बसली. तिला कोणी काही विचारलं नाही आणि हजेरी मात्र रोज लागली.

शिंगाडे बाईंनी तिला दुसऱ्या रांगेत भिंतीला टेकून बसवलं, कारण टेकू नसला की ती कलंडत होती. शेजारी अतुल होता. अतुल हा शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष गोकुळ वाकळे यांचा मुलगा. बाईंनी एका पुठ्ठ्यावर मुळाक्षरं आणि काना-मात्रा मोठ्या चौकोनांत लिहिल्या. मोनिका डाव्या हाताचं बोट ठेवून शब्द जुळवायला लागली. नोव्हेंबरात बाईंनी तिला भरवर्गात सांगितलं, तुझ्या मनातलं एक वाक्य लिही. तिला सात मिनिटं लागली. वाक्य दोन शब्दांचं निघालं: अतुल चोर.

वर्ग हसला. अतुल रडला. त्याच्या दप्तरात मोनिकाची पेन्सिल आणि तिच्या डब्याचं झाकण सापडलं. औताडे सर म्हणाले, "बोट पोरीचं असंल, हात बाईचा हाय." बाईंनी दोन्ही हात मागे बांधून पुन्हा करून दाखवायची तयारी दाखवली. सरांनी घंटा द्यायला सांगितली.

शाळेलाही स्वतःची भीती होती. पट दोन वर्षांत बावन्नवरून एक्केचाळीसवर आला होता. रोज सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी पारापाशी थांबायची आणि तिच्यात म्हसखेड्याची पोरं चढायची. जानेवारीत वाचन चाचणी होती. तिसरीत चौदा मुलं होती आणि तेरा जणांना उतारा एका मिनिटात वाचता येत होता. चौदाही जमले असते तर फाटकावर "शंभर टक्के" असा फलक लावायचं गोकुळ वाकळे यांनी ठरवलं होतं. पेंटरशी बोलणंही झालं होतं.

यावर औताडे सरांनी वाट काढली. जे मूल शाळेत येऊच शकत नाही, त्याची नोंद "गृहाधारित" म्हणून करता येते. त्याला घरी शिकवायचं असतं, त्यामुळे वर्गाच्या चाचणीत ते धरलं जात नाही. त्यासाठी पालकाची संमती आणि विशेष शिक्षकाची शिफारस लागते.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी बाईंना कार्यालयात बोलावलं. गोकुळ वाकळे आधीच बसलेले होते. उरलेल्या एका खुर्चीवर त्यांची पिशवी होती. ती कोणी उचलली नाही. बाई उभ्या राहिल्या.

"तुमची तेवढी सही राहिलीय," औताडे सरांनी अर्ज पुढे सरकवला.

बाईंनी तो वाचला. "पोरगी रोज शाळेत येते. गृहाधारित कशी?"

"येती कुठं? माय आणून टाकती," वाकळे म्हणाले. "दिसभर लाळ गळती. माझ्या पोराचं दप्तर बघा एकदा."

"दप्तर धुता येतं. त्यात चोरीचं काय काय असतं तेही बघत जा."

"ओ बाई, तोंड सांभाळा. महिन्यातून एकदा उगवता अन् आमाला शिकवता? एका पोरीपायी गावची शाळा बुडवायलात तुमी."

"शाळा पिवळी गाडी बुडवतेय. ती गाडी मोनिका चालवत नाही."

औताडे सर मध्ये पडले. "आईची संमती आहे. तुमचं काय जातंय?"

संमतीवर आशाबाईंची सही होती. बाईंनी त्यांना बोलवायला लावलं. त्या शेजारच्या शेतातून डोक्याला फडकं बांधलेल्याच आल्या.

"ही सही तुमची?"

"व्हय. खुर्चीचा फारम म्हणले सर. पोरीला बसायची खुर्ची मिळणार हाय म्हणं."

"हा खुर्चीचा अर्ज नाही. हिला शाळेतून काढून घरी ठेवायचा आहे."

आशाबाईंनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "काढत नाही हो कोणी. बाई घरी येऊन शिकवतील. तुम्हालाच आराम."

"आराम? मी कामाला गेल्यावर पोरीला कोन बघील, तुमी?" आशाबाईंचा आवाज चढला आणि मग त्यांनी मोहरा शिंगाडे बाईंकडे वळवला. "अन् तुमी तरी कवा येता वो? सनासुदीला आल्यागत येता, पुठ्ठा दावता अन् जाता. घरी येनार म्हणं!"

आशाबाई आणि वाकळे एकमेकांना बोलत बाहेर गेले.

दोघंच उरल्यावर औताडे सरांनी शेरेबुक काढलं, जुलैचं पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. "अठरा जुलै. बाई, त्या दिवशी इथं होतात का तुम्ही? मला तर आठवत नाही. पुढं ऑगस्ट. पुढं..."

"ती ओळ तुम्हीच कोरी ठेवली होती."

"मी कुठं नाही म्हणतो? वाचतोय फक्त." त्यांनी वही मिटली. "एप्रिलमधी तुमच्या कराराचं नूतनीकरण असतं ना? शनिवारी या. सही करून जा. आपलं काही भांडण नाही."

दौलताबादचा घाट उतरताना बाईंनी जे ठरवलं, त्यात दया फारशी नव्हती, असं त्या स्वतःच सांगतात. राग होता, आणि त्याहून जास्त व्यवहार. म्हसखेड्यात एकदा ही सही दिली तर महिन्याभरात तालुक्यातल्या सगळ्या मुख्याध्यापकांना युक्ती कळली असती. शेरेबुकं सगळीकडे सारखीच होती. त्रेचाळीस मुलं एकेक करून घरी गेली असती, आणि कागदावर ते सगळं बाईंच्याच शिफारशीने झालं असतं.

शनिवारी सकाळची शाळा होती. बाई थेट कार्यालयात गेल्या.

"आणलंय का पेन?" औताडे सरांनी विचारलं.

"आणलंय. शेरेबुक द्या."

"शेरेबुक नाही, अर्ज."

"आधी शेरेबुक. आजची भेट लिहायची आहे. ती नाकारता येत नाही तुम्हाला."

सरांनी वही दिली. बाईंनी लाल पेनने जुलैची नोंद आडवी खोडली, शेजारी "या दिवशी भेट झाली नाही" असं लिहिलं, तारीख टाकली, सही केली. मग ऑगस्टची. तिसऱ्या नोंदीपर्यंत सरांना काय चाललंय ते कळलं आणि त्यांनी वहीवर हात ठेवला.

"बाई, वेड लागलं का? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय."

"हात काढा. शाई ओली आहे."

"नोकरी जाईल."

"जाईल. आणि या चारही नोंदींखाली मुख्याध्यापकाने सही कशी केली, हे तुम्हाला विचारतील."

"म्हणजे मलाही घेऊन बुडता?"

"हो."

चौथी नोंद खोडून त्यांनी खाली त्या दिवसाचा शेरा लिहिला. मोनिका वाचू शकते. तिची चाचणी अक्षरफलकावर बोट ठेवून घ्यावी, वेळेची मर्यादा लावू नये. गृहाधारित नोंदीची शिफारस करत नाही. पालकाची संमती वेगळं कारण सांगून घेतलेली आहे. खोडलेल्या नोंदींचे आणि शेऱ्याचे फोटो त्यांनी औताडे सरांच्या समोर उभं राहूनच तालुक्याच्या कार्यालयाला पाठवले.

बाकीच्या शाळांतल्या खोट्या नोंदी त्यांनी खोडल्या नाहीत. तिथं त्यांच्या बदल्यात वर्ग सांभाळण्यापलीकडे कोणी काही मागितलं नव्हतं.

नोटिसा दोघांनाही आल्या. चौकशीसाठी बाईंना पाच वेळा शहरातल्या कार्यालयात बसवून ठेवलं. तालुक्यातल्या त्यांच्याच सहकाऱ्यांनी बोलणं टाकलं, कारण आता सगळ्यांचीच शेरेबुकं मागवली जातील अशी भीती पसरली होती. एकीने फोन करून सांगितलं, "तुला सत्यवादी व्हायची हौस होती तर एकटीची सोय बघायचीस." औताडे सरांना समज मिळाली. गृहाधारितचा अर्ज चौकशीच्या कागदांत लागला, त्यामुळे त्याला पुन्हा हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही. मोनिकाचं नाव पटावर राहिलं.

जानेवारीत चाचणी झाली. शिंगाडे बाईंना त्या दिवशी शाळेत यायला मनाई होती. केंद्रातून आलेल्या तरुण शिक्षकापुढे शेऱ्याची प्रत होती, त्यामुळे त्याने मोनिकाला अक्षरफलक दिला. उताऱ्यावरच्या तीन प्रश्नांपैकी दोन तिने बावीस मिनिटांत सोडवले. तिसऱ्याला तिचा हात थकला. त्या शिक्षकाने तीनदा घड्याळाकडे बघितलं. वरून दुसऱ्या पातळीवर तिची नोंद झाली. वर्ग त्र्याण्णव टक्के. फाटकावरचा फलक रंगला नाही.

जूनमध्ये अतुल पिवळ्या गाडीत बसला. मूल शाळेत नाही तर समितीत राहता येत नाही, म्हणून गोकुळ वाकळे यांचं अध्यक्षपद गेलं. शिंगाडे बाईने आपल्या जातीच्या पोरीचं बघितलं, असं ते पारावर सांगतात. जात एक आहे हे खरं. पण बाईंची सगळ्यात मोठी भांडणं त्यांच्याच समाजातल्या पालकांशी झालेली आहेत, हेही तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे.

बाईंचा करार एप्रिलमध्ये वाढला, पण तालुका बदलून. आता त्या वैजापूरला जातात. एकवीस शाळा. शेरेबुकात एका भेटीला एकच ओळ लिहितात, त्यामुळे महिन्याच्या शेवटी निम्म्या भेटी कमी भरतात आणि दर महिन्याला त्यांना खुलासा द्यावा लागतो. खुलताबादला त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही.

चौथीचा वर्गही औताडे सरांकडेच आहे. मोनिकाची पातळी आता त्यांच्या अहवालात आहे. पुढच्या चाचणीत ती खाली गेली तर कारण त्यांना लिहून द्यावं लागेल. बाईंनी पोरीला सूड म्हणून आपल्या गळ्यात बांधलं, असं ते शिक्षकांच्या बैठकीत उघड बोलतात.

जुलैत एका दुपारी आशाबाईंचा फोन आला तेव्हा बाई वैजापूरच्या बाजार समितीसमोर स्कूटीत हवा भरत होत्या.

"तुमी गेल्या निघून अन् आमाला ठिवलं वाघाच्या तोंडी," आशाबाईंनी नमस्कारही केला नाही. "सर आज पोरीला दारातच आडवे आले. म्हणले, नऊ चाळीस झाले, माझं वाचन सुरू होऊन दहा मिन्टं झाली, हिचं मी पुन्हा कवा घेऊ? म्हणले, उद्या उशीर झाला तर आत घेनार नाय. दोन वर्सं पोरगी चपलीपाशी बसली तवा कुनी घड्याळ बघितलं नवतं. तुमी बोला त्यांच्याशी."

"काय बोलू?" बाईंनी विचारलं. "बरोबर बोलले ते. शाळा साडेनऊची आहे."

"अवो, मला सैपाक असतो, पोरगी कडंवर असती—"

"नऊला निघत जा."

पलीकडून एक शिवी आली आणि फोन बंद झाला. दुसऱ्या दिवसापासून मोनिका साडेनऊच्या आत वर्गात असते.