वैद्य काकांची नसलेली नजमा

"बायको छान आहे हो निनादची. पण कायम म्यूटवरच असते!"

जोगळेकर काकू हे शेजारच्या बाईंना सांगत होत्या, बसमध्ये, माझ्या बरोब्बर मागच्या सीटवर. माझ्या कानात इयरफोन होते, पण गाणं केव्हाच संपलं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. म्यूटवर असलेल्या माणसाला ऐकू सगळं येतं, हे काकूंना माहीत नसावं. त्यांनी कधी ऑनलाइन मीटिंग केलेली नाही.

तेव्हा माझ्या लग्नाला चार महिने झाले होते आणि कतारला, दोह्यात येऊन अडीच. इथे खिडकीच्या फटीत वाळू जमते. गुरुवारी पुसली की शनिवारी पुन्हा हजर. शुक्रवारच्या वॉकचे किस्से माझ्याकडे तसेच जमत गेले. मी फक्त पुसले नाहीत, एवढंच.

वॉक वैद्य काकांचा. काका मूळचे नाशिकचे, एका कंत्राटदार कंपनीत ड्राफ्ट्समन, इथे तीसहून जास्त वर्षं. थंडीचे महिने आले की दर शुक्रवारी सकाळी सात वाजता ते आम्हा मराठी मंडळींना नजमात जमवायचे. नजमा म्हणजे जुन्या दोह्यातला दाटीचा भाग. एकेका खोलीत पाच-सहा जण राहणारे, खाली शिंप्याचं दुकान, लाँड्री, कॅफेटेरिया. दोन तास गल्ल्यांतून फिरायचं, मग बसने शहराबाहेरच्या चर्चच्या आवारात जायचं आणि तिथल्या आफ्रिकन मंडळींचं गॉस्पेल ऐकायचं. गॉस्पेल म्हणजे देवाची गाणीच, पण अख्खं अंग हलवत, टाळ्यांच्या जोरावर गायलेली.

नजमा आणि गॉस्पेलचा संबंध काय, असं मी मनात विचारलं होतं. तोंडाने अर्थातच नाही.

* * *

पहिल्याच शुक्रवारी काका एका पार्किंगसमोर थांबले. शुक्रवारची पहाट उलटलेली, सगळी गल्ली झोपलेली, एसीचं पाणी टपटपतंय, आणि धुक्यात पांढऱ्या गाड्यांची रांग. काकांनी हात पसरला.

"हे बघा, किराणा दुकान! दारातच तांदळाची पोती. मालक मंगलोरचा. उधारी बंद अशी पाटी, आणि पाटीखाली बसून उधारी लिहायचा!"

पुण्याहून मुलीकडे आलेल्या एक आजी चष्मा सावरून बघायला लागल्या. "कुठाय?"

"नाहीये."

"मग दाखवताय काय?"

"आजी, जे आहे ते तुम्हाला दिसतंच की! त्याला गाईड कशाला लागतो?"

वॉक असाच. काकांची निम्मी नजमा पाडून झालेली. कुठे पत्रे ठोकलेत, कुठे नवी काचेची इमारत, कुठे नुसती सपाट जमीन आणि तिच्यावर मांजरं. काका त्या सपाट जमिनीवर जिना चढल्यासारखे मान वर वर नेत जायचे, आणि शप्पथ सांगते, तिसऱ्या शुक्रवारी मला गच्चीवर वाळत घातलेल्या लुंग्या दिसायला लागल्या.

मी घरी येऊन सगळं वहीत लिहायची. कुठल्या कोपऱ्यावर काय होतं ते. निनादला वाटायचं, मी वाणसामानाची यादी करतेय.

* * *

शिरीष आयटीतला. त्याला प्रत्येक गोष्ट फोनवर तपासून बघायची सवय.

"काका, इथे बेकरी होती म्हणता, पण मॅपवर काहीच नाही."

"अरे, मॅप आला तेव्हा बेकरी गेली होती. दोघांची भेटच झाली नाही!"

त्याची मुलगी अवनी, वय वर्षं नऊ, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत. ती एकदा कंटाळून म्हणाली, "अंकल, धिस इज नॉट अ टूर. धिस इज जस्ट यू टॉकिंग."

शिरीष ओशाळला. काका मात्र खूश! "बघा! दोन वर्षं येताय तुम्ही सगळे, पण वॉक काय आहे ते या पोरीला कळलं."

* * *

आता गॉस्पेलचं. ते काकांच्या आयुष्यात चुकीच्या बसने आलं.

काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी काका नजमातून एशियन टाउनला सिनेमा बघायला निघाले आणि भलत्याच बसमध्ये चढले. बसमध्ये सगळे नटूनथटून. बायकांच्या डोक्यावर चकचकीत रुमालांचे मोठमोठे फेटे, पुरुष कडक इस्त्रीत, पोरांच्या पायात मोजे. काकांना वाटलं, लग्नाचं वऱ्हाड. "म्हटलं, सिनेमा काय रोजचाच आहे!" ते वऱ्हाडाबरोबर उतरले, गेटवर पिशवी तपासून घेतली, आत गेले, आणि हॉलमध्ये मागच्या खुर्चीत बसून पंगतीची वाट बघायला लागले.

दीड तास गाणी झाली.

शेवटी गाणाऱ्यांतल्या एका बाईंनी मागे येऊन विचारलं, "ब्रदर, तुम्ही कुणाकडून?"

काका म्हणाले, "मुलाकडून!"

त्या बाई म्हणजे अ‍ॅग्नेस. केनियाच्या, एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर, आणि तिथल्या गाणाऱ्यांच्या प्रमुख. त्या इतक्या हसल्या म्हणे, की पुढचं गाणं दुसऱ्या कुणाला तरी उचलावं लागलं. मग कळलं, त्या नजमातच राहतात, काकांच्या बसस्टॉपच्या मागच्या गल्लीत. तेव्हापासून काका दर शुक्रवारी मुलाकडून हजर!

* * *

या थंडीत काकांनी वॉकच्या मंडळींनाही तिथे न्यायला सुरुवात केली. आमची तिथली पहिली हजेरी मात्र गाजली.

सगळ्यांनी आधी दाराबाहेर बूट काढले. आत सगळे बुटांत, आणि आमची रांग मोज्यांत. गाणं सुरू झालं, लोक टाळ्या वाजवायला लागले. आता टाळ्या म्हणजे आपला घरचाच प्रांत! जोगळेकर काकूंनी डोळे मिटले आणि आरतीचा ठेका धरला. मागोमाग आमची अख्खी रांग.

आपली टाळी पहिल्या ठोक्यावर. त्यांची दुसऱ्यावर. आम्ही पंधरा जण, तेही एकदम खड्या टाळीचे. हळूहळू हॉलची डावी बाजू आमच्या ठेक्यावर सरकायला लागली. ड्रम वाजवणाऱ्याने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा वर पाहिलं, आणि ड्रम बंद केला.

गाणं संपल्यावर अ‍ॅग्नेस आमच्यापाशी आल्या. इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही लोक फार वक्तशीर! गाणं पोचायच्या आधी तुमची टाळी पोचते."

काकू लाजून म्हणाल्या, "थँक्यू."

मग काकू हळूच मला विचारायला लागल्या, "काय गं, प्रसाद कुठल्या बाजूला?" मी खांदे उडवले. तेवढ्यात कुणीतरी गोड तळलेल्या वड्यांचं ताट फिरवलं. काकूंनी वडा उजव्या हातात घेतला, कपाळाला लावला, आणि मग खाल्ला. अ‍ॅग्नेसनी ते पाहिलं. त्यांनीही आपला वडा कपाळाला लावला!

मला त्या गाण्यांतला शब्द न् शब्द कळायचा असं नाही. निम्मी त्यांच्या भाषेत असायची. पण उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे यायचे, त्यात धूळ तरंगत असायची, आणि अ‍ॅग्नेस एक ओळ इतकी लांबवायच्या, की आपण कुठल्या देशात बसलोय हे विसरायला व्हायचं. घरी येऊनही दुपारभर मी पाण्याखाली असल्यासारखी वावरायची. एकदा निनादच्या डब्यात दोन वेळा मीठ पडलं. तो बिचारा अरबीत 'शुक्रन', म्हणजे थँक्यू, म्हणत खाऊन आला.

* * *

फेब्रुवारीत काकांनी कॅफेटेरियात कडक चहा मागवला आणि जाहीर केलं, "खलास! नोकरी संपली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात नाशिक."

सगळे गप्प. माझी सोबत करायला पहिल्यांदाच इतके लोक!

काकूंनी विचारलं, "घरी वहिनी खूश असतील नाही?"

"हो तर. काल फोनवर म्हणाली, या, पण मला रोज सकाळी उठवून फिरवायचं नाही. आणि घरात काय काय होतं ते सांगायचं नाही. मी ते सगळं पुसलंय!"

हशा झाला, आणि मग मुद्दा निघाला: वॉक कोण चालवणार?

शिरीष म्हणाला, अ‍ॅप करू. प्रत्येक जागी उभं राहायचं, फोन दाखवायचा, काकांचा आवाज येईल. काका म्हणाले, "म्हणजे मी नाशकात झोपलेलो आणि इथे बडबडतोय? इन्शाल्ला, तसं काही न होवो!"

कुणी म्हणालं, बंदच करू. काकू म्हणाल्या, "बोलणारा माणूस पाहिजे बाई. निनाद, तू घे!"

"मला नजमात बसस्टॉप सापडत नाही काकू."

मी चहाच्या कपातली साय चमच्याने कडेला लावत होते. माझी वही त्या वेळी पर्समध्ये होती, अडतीस पानं भरलेली. एका वाक्याचं काम होतं: मी घेते. ते वाक्य मी मनात तीनदा म्हटलं, एकदा तर ओठही हलले. काकूंना वाटलं, मला साखर हवीय. त्यांनी पुडी पुढे केली. मी घेतली.

घरी कणीक मळताना निनादला सांगितलं, की वॉक मला हवाय.

तो दारात थबकला. "अगं, पण तिथे बोलावं लागेल."

"तुझ्याशी बोलते की."

"माझ्याशी तू यादी बोलतेस. कांदे, दही, इस्त्री." मग जवळ येऊन हळू म्हणाला, "शेवटच्या शुक्रवारपर्यंत कुणीच हो म्हटलं नाही तर बंद होणार आहे. मी सांगू का त्यांना तुझ्या वतीने?"

मी नको म्हटलं. बोलायचं काम हवंय, हे दुसऱ्याने बोलून कसं चालेल!

* * *

काकांचा शेवटचा शुक्रवार. नेहमीपेक्षा जास्त माणसं आलेली. अ‍ॅग्नेससुद्धा आपल्या गल्लीतून निघून आमच्याबरोबर चालत होत्या, निळ्या पोशाखात, कसलीशी चाल गुणगुणत. हवा दमट, सगळ्या इमारती कडांनी विरघळल्यासारख्या.

काका त्या दिवशी एका भलत्याच गल्लीत वळले. शेवटाला पत्रे ठोकलेला रिकामा प्लॉट होता. इथे ते आम्हाला कधीच आणत नसत. त्यांनी नेहमीसारखा हात पसरला, मान वर नेली, पहिला मजला, दुसरा, तिसरा, आणि तिथेच थांबले. तोंड उघडलं. शब्द येईना.

अर्धं मिनिट गेलं. काकूंनी पाण्याची बाटली काढली. "ऊन लागलं का हो?" शिरीषने फोन काढला आणि परत खिशात ठेवला. अवनी म्हणाली, "व्हाय इज ही नॉट टॉकिंग?" अ‍ॅग्नेसची गुणगुण थांबली.

ती जागा मला माहीत होती. एकदा सगळ्यांच्या मागे चालताना काकांनी लांबूनच ही गल्ली दाखवून सांगितलं होतं. न बोलणाऱ्या माणसाला लोक असलं काही सांगून ठेवतात. वहीतही मी ते लिहिलेलं नव्हतं.

मी मागून पुढे आले. निनादने वाट दिली. पत्र्याकडे पाठ करून, सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिले. आवाज पहिल्यांदा फुटला तो अगदीच बारीक. अ‍ॅग्नेसना कळावं म्हणून इंग्रजीत सुरू केलं, मग थांबले आणि मराठीत आले.

"इथे चार मजली इमारत होती. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डावीकडे, काकांची खोली. फॅमिली व्हिसा मिळत नव्हता. नंतर मिळाला तेव्हा मुलाची दहावी होती. खोलीत सहा जण राहायचे. दोन केरळचे, एक लाहोरचा, एक नेपाळी, एक श्रीलंकेचा आणि काका. नाशिकहून वैद्य काकू आपलं बोलणं भरून कॅसेट पाठवायच्या. गॅस आला, नळ गळतोय, बाळाला दात आला. शुक्रवारी सकाळी काका ती टेपवर लावायचे आणि सहाही जण गप्प बसून ऐकायचे. मराठी एकट्या काकांना कळायचं. 'पुन्हा लाव' मात्र बाकीचे पाच म्हणायचे."

काकांनी मान खाली आणली आणि सगळ्यांना सांगितलं, "पुढच्या शुक्रवारी सात वाजता, हिच्या मागे!"