इथे पाहा

ऑफिसात त्याला सगळे कंसमामा म्हणतात. त्याने कुणाचा छळ केलेला नाही. मामा तो आहेच, एका भाचीचा, आणि दिवसभर कंस घालत बसणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. कंपनी इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर बनवते आणि ते कसं वापरायचं याची पुस्तिका मामा लिहितो. लिहितो म्हणजे तुमच्या-आमच्यासारखं नव्हे. प्रत्येक मजकुराच्या अलीकडे-पलीकडे टोकदार कंसात खूण: ही पायरी, पायरी संपली, हा इशारा, इशारा संपला. अक्षर ठळक हवं की तिरपं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कोण काय आहे ते सांगून तो मोकळा. नटवायचं काम मशीनचं. उघडलेला प्रत्येक कंस मिटलाय का, हेही मशीनच तपासतं. पडद्यावर 'चुका: शून्य' उमटलं की मामा अशा तोऱ्यात चहाला निघतो, जणू आत्ताच कुणाचं ऑपरेशन करून आलाय.

त्याचं एक तत्त्व होतं: कुठलीही गोष्ट एकदाच लिहायची. पुन्हा गरज पडली तर तिथे नुसता दुवा द्यायचा, 'इथे पाहा'. "दोन जागी लिहिलंस की एक जागा सुधारशील आणि दुसरी विसरशील," असं तो नवख्यांना बजावी. खोटं नव्हतं. त्याच्या पुस्तिका सडपातळ राहत आणि साहेब खूश.

यंदा औषधभांडाराचं सॉफ्टवेअर तयार झालं आणि ते पहिल्यांदा बसलं त्याच्या थोरल्या बहिणीच्या इस्पितळात. भांडार तीच सांभाळायची, आजवर सगळं कार्डांवर. आता शुक्रवारी मेट्रनबाई तिची चाचणी घेणार होत्या. औषध आत घ्यायचं, वॉर्डला द्यायचं, मुदत संपलेलं बाजूला काढायचं, सगळं कॉम्प्युटरवर, पुस्तिका बघून, कुणाला न विचारता. जमलं तर भांडार तिचं. नाही जमलं तर ताईची रवानगी तळमजल्यावर, नोंदणीच्या खिडकीत.

"पुस्तिका तू लिहिलीयस ना? मग मला कसली काळजी," ती म्हणाली होती, आणि मामाची छाती फुगली होती.

रविवारी तो तिच्याकडे गेला. टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी छापील पुस्तिका आणि पुस्तिकेत जागोजागी खोचलेल्या केसांच्या पिना. ताई केस मोकळे सोडून बसलेली.

"मामा, आईने माझ्यापण पिना घेतल्या," भाचीने तक्रार नोंदवली.

"बस," ताई म्हणाली. "मुदत संपलेलं औषध काढायचंय. पहिली पायरी, लॉगिन करा, त्यासाठी इथे पाहा. इथे म्हणजे कुठे रे?"

"त्यावर क्लिक केलं की..."

"कागदावर?"

मामाने पुस्तिका स्वतःकडे ओढली. पडद्यावर ते शब्द निळे असतात, बोट दाबलं की माणूस थेट तिथे पोचतो. कागदावर त्यांच्याखाली नुसती रेघ आली होती, पान क्रमांकसुद्धा नाही. इतक्या वर्षांत स्वतःची पुस्तिका त्याने कागदावर कधी वाचलीच नव्हती.

"बरं, मी शोधलं. तिथे म्हणे बॅच निवडायला इथे पाहा. गेले. तिथून आणखी कुठे. तिथून परत पहिल्या पानावर. अशाने चांगल्या औषधाचीही मुदत माझ्या हातात संपेल."

"पण ताई, मशीनने तपासलंय. एकही चूक नाही."

"मग शुक्रवारी मशीनलाच बसव चाचणीला."

भाची फिसकन हसली. ताई हसली नाही. "मला येत नाही असं नाही रे," ती म्हणाली. "पण मधेच दुसऱ्या पानावर गेले की कुठून निघाले होते तेच विसरते. आणि बाई समोर उभ्या असणार."

परतताना मामाला शाळेचं फाटक आठवलं. लहानपणी ताई त्याला तिथे सोडायची आणि रोज सगळं नव्याने सांगायची: डबा पिशवीत आहे, पाणी बाजूच्या कप्प्यात, सुटल्यावर इथेच थांब. 'कालच्यासारखं कर,' असं तिने एकदाही म्हटलं नव्हतं.

सोमवारी त्याने दुवे उपटायला घेतले. मजकूर एकदाच लिहून ठेवायचा आणि लागेल तिथे मशीनकडून अख्खा ओतून घ्यायचा, अशी सोय त्याच्या खुणांच्या भाषेत पहिल्यापासून होती. पुस्तिका जाड होते म्हणून त्याने त्या सोयीला जवळ केलं नव्हतं, इतकंच.

"मामा, बाळसं धरलंय हिने," साहेब म्हणाले. "गिऱ्हाईक विचारेल, तेच तेच किती वेळा?"

"मधलंच पान उघडणाऱ्याची ती पहिलीच वेळ असते, साहेब."

साहेबांनी पानं चाळली, सुस्कारा सोडला आणि छापायला होकार दिला. बुधवारी नवी प्रत ताईच्या हातात पडली.

शुक्रवारी मामा चहाला गेला नाही. दुपारी फोन वाजला.

"भांडार राहिलं," ताई म्हणाली. "बोट ठेवत ठेवत खाली आले, मागेपुढे पान शोधावं लागलं नाही. एकदाच अडायची वेळ आली. वॉर्डातून परत आलेलं औषध घ्यायचं, तिथे तुझं एक 'इथे पाहा' राहून गेलंय."

"मग?"

"मग काय? ते मला कालच दिसलं होतं. जिथे पाहायचं त्या पानात पिन खोचून ठेवली होती."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू म्हणाला असतास, मशीनने तपासलंय."

"कितव्या पानावर आहे?"

"शोध की. आम्ही नाही शोधलं?"

मामाने फोन ठेवला. पडद्यावर 'चुका: शून्य' तसंच होतं. त्याने अख्खी पुस्तिका कागदावर काढली, पहिलं पान समोर घेतलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.